मेंढपाळाचा भूमंत्री झाला तेव्हा: जॉन मॅकेन्झी आणि ९९९ वर्षांचा भाडेपट्टा

ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असते, ती कसणाऱ्याला एक प्रश्न नेहमी सतावतो. जमीन आपण कसतो, आपल्या वाडवडिलांनीही कसली, मग ती विकायची म्हटली की सरकारची परवानगी कशासाठी? महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये अशा आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून वर्ग १ मध्ये नेण्याचे नियम केले, तेव्हापासून ही चर्चा तलाठी कार्यालयापासून मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांपर्यंत पोहोचली आहे. सरकारने जमीन देताना पूर्ण मालकी द्यावी की केवळ कसण्याचा हक्क द्यावा, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. न्यूझीलंडमध्ये मात्र १८९० ते १९१२ या काळात तो राजकारणाच्या अगदी मध्यभागी होता, आणि त्याचे एक उत्तर कायद्यात उतरवणारा मंत्री स्कॉटलंडहून आलेला, मेंढ्या राखून शेतकरी झालेला माणूस होता. त्यांचे नाव जॉन मॅकेन्झी. त्यांचे कायदे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य समजून घ्यावे लागते, कारण या माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

## ज्या डोंगरांतून ते आले

मॅकेन्झी यांचा जन्म १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात, ईस्टर रॉस भागातील आर्ड्रॉस येथे झाला. वडील खंडाने जमीन कसणारे शेतकरी होते आणि घरची भाषा इंग्रजी नव्हे, तर गेलिक होती. या प्रदेशात शतकानुशतके कुळे टोळीप्रमुखाच्या आश्रयाने जमीन कसत आली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे प्रमुख हळूहळू इंग्रजी धर्तीचे जमीनदार बनले. जमिनीवर माणसे किती राहतात यापेक्षा खंड किती येतो, याला महत्त्व आले. डोंगरउतारावर शंभर कुटुंबे ठेवण्यापेक्षा एका धनिकाला मेंढ्यांसाठी तो उतार भाड्याने देणे अधिक फायद्याचे ठरू लागले, आणि गावेच्या गावे रिकामी करण्यात आली. कुळांकडे लेखी करार नव्हता, त्यामुळे न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती.

१८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्ही नावाच्या खोऱ्यातील सुमारे ऐंशी माणसे अशीच घराबाहेर काढली गेली. त्यांनी जवळच्या क्रोइक येथील चर्चच्या दफनभूमीत, थडग्यांच्या मधल्या जागेत, कापडाचे आडोसे उभारून आसरा घेतला. चर्चच्या खिडक्यांच्या काचांवर त्यांनी कोरलेले शब्द आजही वाचता येतात. सहा वर्षेही पूर्ण न झालेल्या जॉनने वडिलांबरोबर जाताना हे दृश्य पाहिले आणि ते त्याच्या मनातून कधीच पुसले गेले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. बालपणीच्या एका प्रसंगाने पुढचे सारे आयुष्य ठरते, असे म्हणणे सोपे असते आणि ते बहुतेक वेळा अपुरेही असते. मॅकेन्झी यांच्याबाबत मात्र त्यांनी केलेला प्रत्येक मोठा कायदा एकाच भीतीभोवती फिरतो: कसणाऱ्याला कोणीतरी उठवून लावेल, ही भीती. म्हणून मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो.

## मेंढपाळ, शेतकरी, लोकप्रतिनिधी

१८६० मध्ये, एकविसाव्या वर्षी, मॅकेन्झी लग्न करून पत्नी ॲनसह न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो प्रांतात आले. स्कॉटिश वसाहतकारांनी १८४८ मध्ये वसवलेल्या या प्रांतात त्यांना परके वाटण्याचे कारण नव्हते. पामरस्टन गावाजवळच्या पुकेतापू येथील मेंढ्यांच्या मोठ्या कुरणावर त्यांनी मेंढपाळाची नोकरी धरली आणि पुढे तेथे व्यवस्थापकही झाले. ज्या मेंढ्यांसाठी त्यांच्या मुलखातील माणसे हुसकली गेली होती, त्याच मेंढ्या राखून त्यांनी नव्या देशात पाय रोवले. काही वर्षांतच त्यांनी जवळच्या शॅग खोऱ्यात स्वतःची शेती सुरू केली.

सार्वजनिक जीवनाची सुरुवात अगदी खालून झाली. परिसरातील रस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे हिशेब आणि पत्रव्यवहार त्यांनी सांभाळला. १८७१ मध्ये ते ओटागोच्या प्रांतिक विधिमंडळात गेले आणि १८८१ मध्ये मोएराकी मतदारसंघातून देशाच्या संसदेत निवडून आले. धिप्पाड देहाचे, तापट, गेलिक वळणाचे इंग्रजी बोलणारे हे सभासद वक्तृत्वासाठी कधीच ओळखले गेले नाहीत. परंतु कोणत्या कुरणाचा पट्टा कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात तेथे मेंढ्या कोणाच्या चरतात, हे त्यांना ठाऊक होते, आणि राजधानीत बसून कायदे करणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हते.

## जमीन मोजक्या हातांत कशी गेली

न्यूझीलंडमध्ये जमिनीची चणचण होती असे नाही. प्रश्न वेगळा होता. वसाहतीच्या पहिल्या काही दशकांत लोकरीला भाव होता आणि मेंढपाळीला अफाट कुरणे लागत, त्यामुळे सरकारने दक्षिण बेटावरील प्रचंड क्षेत्रे थोड्या लोकांना चराईसाठी पट्ट्याने दिली. या पट्टेदारांनी नंतर त्यांतील उत्तम तुकडे विकत घेतले. लहान शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवर एका माणसाने किती घ्यावे याची मर्यादा असे. तेव्हा मोठे कुरणमालक आपल्या नोकरांच्या, नातेवाइकांच्या आणि हस्तकांच्या नावाने अर्ज करीत. आपल्याकडे कमाल जमीन धारणेचा १९६१ चा कायदा आल्यावर कागदोपत्री वाटण्या कशा झाल्या हे ज्यांना आठवते, त्यांना या बेनामी व्यवहारांचे अधिक स्पष्टीकरण द्यायला नको. आणखी एक युक्ती अशी होती की पाण्याच्या आणि रस्त्याच्या कडेचे मोक्याचे तुकडे तेवढे विकत घ्यायचे, म्हणजे मधली जमीन दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाची राहत नसे.

विरोधी बाकांवर असताना मॅकेन्झी यांनी या बेनामी व्यवहारांवर सातत्याने हल्ला चढवला. त्याच सुमारास, १८८० च्या दशकात, देश दीर्घ मंदीत सापडला. कामधंदा नाही, जमीन मिळत नाही, म्हणून माणसे ऑस्ट्रेलियाकडे जाऊ लागली. १८७९ पासून सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार होता, तरी अनेक मतदारसंघांत मालमत्ता असणाऱ्याला अनेक मते देता येत; ती सोय १८८९ मध्ये बंद झाली. १८९० ची निवडणूक एक माणूस एक मत या तत्त्वावर झाली, आणि त्यातून लिबरल पक्षाचे सरकार आले. पंतप्रधान जॉन बॅलन्स यांनी १८९१ च्या जानेवारीत भूमी आणि शेती ही दोन्ही खाती मॅकेन्झी यांच्याकडे दिली. ती १९०० पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

## ९९९ वर्षांचा पट्टा म्हणजे नेमके काय

मॅकेन्झी यांचे पहिले भूमी विधेयक १८९१ मध्ये वरिष्ठ सभागृहाने अडवले. तहहयात नेमलेल्या या सभासदांमध्ये मोठ्या जमीनमालकांचे वजन होते. ते पुढच्या वर्षी मंजूर झाले. १८९२ च्या या कायद्याने सरकारी जमीन हव्या असलेल्या माणसासमोर तीन वाटा ठेवल्या. रोख पैसे देऊन ती विकत घ्यावी, किंवा खरेदीच्या हक्कासह काही वर्षांसाठी पट्ट्याने घ्यावी, किंवा ९९९ वर्षांच्या कायम भाडेपट्ट्याने घ्यावी. शेवटच्या प्रकारात जमिनीच्या मूळ किमतीवर दरसाल ४ टक्के भाडे द्यायचे होते आणि पट्ट्याच्या संपूर्ण काळात हे मूल्य पुन्हा ठरवायचे नव्हते.

याचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. ३०० एकरांची जमीन आहे आणि सरकारने तिची किंमत एकरी २ पौंड धरली आहे. ती विकत घ्यायची तर ६०० पौंड उभे करावे लागतील. गवत कापून किंवा मेंढ्या भादरून पोट भरणाऱ्या माणसाला ही रक्कम आयुष्यभरात साठणे कठीण. कायम पट्ट्याने घेतली तर वर्षाला २४ पौंड भरायचे, आणि गाठीला असलेली थोडीफार पुंजी कुंपण, बियाणे, गुरे आणि डोक्यावरचे छप्पर यांवर खर्च करायची. भाडे कधीच वाढणार नाही. जमीन मुलाला वारसाने मिळेल, गरज पडल्यास परवानगीने दुसऱ्याला हस्तांतरितही करता येईल. कोणी येऊन उठवणार नाही.

त्या बदल्यात दोन अटी होत्या आणि त्या कडक होत्या. पट्टेदाराने स्वतः त्या जमिनीवर राहायचे, आणि ठरवून दिलेल्या मुदतीत तिच्यावर ठरावीक सुधारणा करायच्या. शहरात राहून दुसऱ्याच्या हातून शेती करणाऱ्यासाठी हा पट्टा नव्हता. त्याशिवाय, एका माणसाला उत्तम प्रतीची जास्तीत जास्त ६४० एकर किंवा दुय्यम प्रतीची २००० एकर जमीन घेता येत असे आणि त्यात त्याची आधीची जमीनही मोजली जाई. केवळ कमाल मर्यादा घातली असती तर ती बेनामी नावांनी मोडता आली असती, जशी ती आधी मोडली गेली होती. मर्यादेला प्रत्यक्ष राहण्याची अट जोडल्यामुळे कागदावरचा माणूस आणि जमिनीवरचा माणूस एकच असणे भाग पडले. कायद्याच्या या भागात कुरणाचा व्यवस्थापक राहिलेल्या माणसाचा अनुभव दिसतो.

## मालकाकडे गेलेली जमीन परत कशी मिळवली

सरकारजवळ उरलेली जमीन बहुतेक डोंगराळ, जंगलव्याप्त किंवा रस्त्यांपासून दूर होती. सुपीक सपाट जमीन खासगी मालकीची झाली होती. ती कशी मिळवायची? येथे १८९१ च्या करकायद्याकडे वळावे लागते, कारण त्याच्या पोटात एक विलक्षण तरतूद होती.

या कायद्याने आधीचा सरसकट मालमत्ता कर रद्द करून जमिनीवर कर बसवला. लहान शेतकरी त्यातून जवळजवळ सुटले. ५००० पौंडांहून अधिक मूल्याच्या जमिनीवर चढत्या दराने जादा कर लागला, आणि मालक देशाबाहेर राहत असेल तर आणखी भर पडली. मालकाने स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणा वजा जाता मोकळ्या जमिनीचे जे मूल्य राहील त्यावर कर बसवायचा, ही त्यामागची दिशा होती. म्हणजे घाम गाळणाऱ्याला दंड होणार नाही आणि जमीन नुसती धरून ठेवणे महाग पडेल.

पण मूल्य ठरवायचे कोणी? सरकारी अधिकारी ते फुगवील अशी मालकाला भीती, आणि मालक ते दाबून सांगेल अशी सरकारला. घरात दोन भावंडांमध्ये चिक्कीचा एकच तुकडा वाटायचा असेल तर शहाणी आजी एकाला तो मोडायला सांगते आणि दुसऱ्याला आधी निवडायला. मग मोडणारा आपसूक समान मोडतो. कायद्यातील तरतूद याच न्यायाची होती. सरकारी मूल्यांकन जास्त आहे अशी मालकाची तक्रार असेल तर त्याने स्वतःचा आकडा सांगावा. सरकारपुढे मग दोनच पर्याय राहत: तो आकडा मान्य करून त्यावर कर घ्यायचा, किंवा त्याच किमतीला जमीन विकत घ्यायची.

ही तरतूद खरी कसाला लागली ती कँटरबरी प्रांताच्या उत्तरेकडील चेव्हियट येथे. सुमारे ८४ हजार एकरांची ही जमीनदारी विल्यम रॉबिन्सन या धनाढ्य कुरणमालकाची होती. तो १८८९ मध्ये वारला आणि जमीन विश्वस्तांच्या हाती आली. कर खात्याने तिचे मूल्य ३ लाख पौंडांच्या वर धरले; विश्वस्तांनी ते सुमारे २ लाख ६० हजार असल्याचे सांगितले आणि सरकारला कायद्याप्रमाणे निवड करायला लावली. एवढी रक्कम एका जमिनीसाठी मोजायची की नाही, याबद्दल मंत्रिमंडळात कचरणारे कमी नव्हते. मॅकेन्झी यांनी खरेदीचा आग्रह धरला आणि १८९३ मध्ये ती झाली. मोजणी करून रस्ते आखले गेले, काही तुकडे विकले गेले आणि बरेचसे कायम पट्ट्याने दिले गेले. जेथे एक वाडा, काही गडी आणि हजारो मेंढ्या एवढाच संसार होता, तेथे एका वर्षात शेकडो माणसे राहू लागली. नव्या गावाला मॅकेन्झी हेच नाव देण्यात आले. पुढे ते चेव्हियट म्हणून ओळखले जाऊ लागले.

## हा मालमत्तेच्या हक्कावर घाला नव्हता का?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो फेटाळून लावण्याइतका हलका नाही. चेव्हियटच्या बाबतीत विश्वस्तांनीच विक्रीची वेळ आणली होती. १८९४ च्या वसाहतीसाठीच्या भूसंपादन कायद्याने मात्र सरकारला सक्तीनेही जमीन घेण्याचा अधिकार मिळाला. मालक राजी नसेल तर किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची आणि मालकाला स्वतःसाठी काही क्षेत्र राखता यायचे.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहावे. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत सरकारने दोनशेहून अधिक मोठ्या जमीनदाऱ्या घेतल्या, पण त्यांतील फारच थोड्या सक्तीने घ्याव्या लागल्या. चढता कर आणि सक्तीची शक्यता या दोन्हींमुळे मालक स्वतःहून चर्चेला येत आणि त्यांना बाजारभावाच्या जवळची किंमत मिळे. काहींना तर ती अधिकच मिळाली, अशी टीका मॅकेन्झी यांच्या स्वतःच्या पक्षातील जहाल मंडळी करीत. जमीनदारांना एवढे पैसे देऊन कसली सुधारणा झाली, असा त्यांचा प्रश्न होता. मॅकेन्झी यांना श्रीमंतांना शिक्षा करायची नव्हती. त्यांना जमिनीवर माणसे हवी होती. भरपाई दिल्यामुळे वर्षानुवर्षांचे खटले टळले आणि पुढचे सरकार आले तरी दिलेली जमीन काढून घेतली गेली नाही. माझ्या मते ही किंमत मोजणे योग्यच होते.

## नुसती जमीन देऊन शेती होते का?

होत नाही, आणि आपल्याकडच्या अनेक भूवाटप योजना याच ठिकाणी अडखळल्या. जमिनीचा तुकडा मिळतो, पण बैल, बियाणे आणि पहिले पीक हाती येईपर्यंत घर चालवण्याचा पैसा मिळत नाही, आणि काही वर्षांतच जमीन सावकाराकडे किंवा शेजारच्या बड्या शेतकऱ्याकडे जाते.

न्यूझीलंडमध्ये या कामी दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली अर्थमंत्री जोसेफ वॉर्ड यांचा १८९४ चा कर्जकायदा. सरकारने लंडनच्या बाजारातून आपल्या पतीवर स्वस्तात कर्ज उभारले आणि ते शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर ५ टक्के व्याजाने दिले, तर खासगी सावकारांचे दर त्याहून बरेच जास्त होते. शेतकऱ्याने दरसाल कर्जाच्या ६ टक्के रक्कम भरायची. त्यात ५ टक्के व्याज आणि १ टक्का मुद्दल, म्हणजे साडेछत्तीस वर्षांत कर्ज पूर्ण फिटे. कायम पट्टेदारालाही हे कर्ज मिळू शकत होते, ही त्यातली मोलाची बाब.

दुसरी गोष्ट कायद्यातून आलेली नव्हती. १८८२ च्या फेब्रुवारीत ‘डनिडिन’ नावाचे शिडाचे जहाज ओटागोच्या पोर्ट चामर्स बंदरातून गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. तोपर्यंत मेंढीचा खरा पैसा लोकरीचा. मांसाला गिऱ्हाईक नसल्याने उरलेली जनावरे चरबीसाठी उकळली जात. शीतजहाजे सुरू झाल्यावर मांस, लोणी आणि चीज हजारो मैलांवरच्या बाजारात विकता येऊ लागले, आणि शंभर एकरांवर काही गाई पाळणाऱ्या कुटुंबाचे पोट शेतीवर चालण्याची शक्यता निर्माण झाली. मॅकेन्झी यांनी ही संधी ओळखली. १८९२ मध्ये त्यांनी स्वतंत्र शेती खाते उभे केले आणि त्याच वर्षी दुग्धव्यवसायाचा कायदा आणून निर्यातीच्या लोण्याची व चीजची तपासणी आणि प्रतवारी सुरू केली. एका शेतकऱ्याने खराब लोणी पाठवले तर लंडनमध्ये सगळ्या देशाचे नाव खराब होते, म्हणून तपासणीस नेमण्यात आले. शेतकऱ्यांना सुरुवातीला ही ढवळाढवळ वाटली. परंतु लहान शेतकऱ्याला बाजारात टिकवण्याचे काम जमिनीच्या पट्ट्याइतकेच या प्रतवारीने केले.

## हे असेही घडलेच असते का?

काही इतिहासकारांचे म्हणणे असे की मोठ्या जमीनदाऱ्या शीतजहाजांमुळे मोडणारच होत्या. दूध आणि मांसाच्या शेतीत लहान, काळजीपूर्वक कसलेली जमीन अधिक उत्पन्न देऊ लागल्यावर मालकांनी आपण होऊन तुकडे पाडून विकायला सुरुवात केली, आणि सरकारने विकत घेऊन वाटलेल्या जमिनीपेक्षा खासगी विक्रीतून वाटली गेलेली जमीन जास्त होती. हे खरे आहे. तेव्हा एकट्या मॅकेन्झी यांनी न्यूझीलंडचा लहान शेतकरी घडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

पण बाजाराने वाटलेली जमीन ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जाते. शेतमजूर, मेंढ्या भादरणारे, रेल्वेच्या बांधकामावर राबणारे यांच्याकडे ६०० पौंड नव्हते आणि बाजार त्यांच्यासाठी थांबलाही नसता. कायम पट्ट्याची गरज नेमकी त्यांना होती. किती जमीन वाटली गेली एवढेच मोजले तर कायद्याचा वाटा लहान दिसतो. ती कोणाला मिळाली हे विचारले तर तो बराच मोठा दिसतो.

## मग हा पट्टा टिकला का नाही?

पट्ट्यात एक मूलभूत दोष होता आणि तो त्याच्या गुणातूनच आला होता. भाडे कधीच वाढणार नाही, हे आश्वासन शेतकऱ्यासाठी उत्तम होते. मात्र रस्ते, रेल्वे आणि लोकवस्ती वाढल्यावर जमिनीचे मूल्य जे वाढते ते पट्टेदाराच्या कष्टाने नव्हे, तर सगळ्या समाजाच्या खर्चाने वाढते, आणि त्यातला छदामही सरकारला मिळणार नव्हता. जमिनीच्या वाढत्या मूल्यावर समाजाचा हक्क आहे असे मानणाऱ्या सुधारकांना हा पट्टा म्हणजे नाव बदललेली मालकीच वाटली. दुसरीकडे पट्टेदारांना काही वर्षांतच पूर्ण मालकी हवीशी वाटू लागली, आणि हेही स्वाभाविक होते. शेत फुलले, घर उभे राहिले, की माणसाला आपण कोणाचेही कूळ नाही असे म्हणावेसे वाटते; ज्यांचे पूर्वज कुळे म्हणून हुसकले गेले त्यांना तर अधिकच.

मॅकेन्झी यांची प्रकृती ढासळली आणि १९०० मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९०१ च्या ऑगस्टमध्ये शॅग खोऱ्यातील घरी त्यांचे निधन झाले, त्याच्या काही आठवडे आधी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली होती. १९०७ मध्ये नवे कायम पट्टे देणे बंद झाले आणि त्यांच्या जागी ६६ वर्षांचे, मुदतीनंतर मूल्य नव्याने ठरवायचे पट्टे आले. लहान शेतकरी या बदलाने बिथरला. १९१२ मध्ये विल्यम मॅसी यांचे सरकार सत्तेवर आले आणि पट्टेदारांना आपली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. मॅसी स्वतः आयर्लंडहून १८७० मध्ये कोवळ्या वयात आलेले, ऑकलंडजवळ शेती करणारे गृहस्थ होते. एका स्थलांतरित शेतकऱ्याने घडवलेली व्यवस्था दुसऱ्या स्थलांतरित शेतकऱ्याने मोडली, आणि दोघांच्याही मागे उभा राहिलेला मतदार बव्हंशी एकच होता: पहिल्याने त्याला जमिनीवर आणले, दुसऱ्याने त्याला मालक केले.

## ही जमीन मुळात कोणाची होती?

आतापर्यंत ‘सरकारी जमीन’ हा शब्द मी सहज वापरला. ती सरकारकडे आली कशी, हे विचारल्याशिवाय मॅकेन्झी यांचे मूल्यमापन प्रामाणिक होणार नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोक युरोपीय लोकांच्या कित्येक शतके आधीपासून राहत होते आणि जमीन वंशसमूहांच्या सामूहिक मालकीची होती. १८४० च्या वाइतांगी येथील तहात ब्रिटिश राजसत्तेने माओरींच्या जमिनीवरील हक्कांची हमी दिली होती. दक्षिण बेटावरील न्गाई ताहू या समूहाकडून ओटागोचा भूभाग १८४४ मध्ये २४०० पौंडांना घेतला गेला, आणि १८४८ मध्ये त्याहून कितीतरी विस्तीर्ण मुलूख, ज्यात पुढे कँटरबरीची सुपीक मैदाने आली, अवघ्या २००० पौंडांना. माओरींसाठी पुरेशी जमीन राखून ठेवण्याची वचने नीट पाळली गेली नाहीत. मॅकेन्झी यांनी ज्या खोऱ्यात शेती केली ते याच मुलखातले, आणि चेव्हियटही मूळचे न्गाई ताहूंच्या प्रदेशातच येते.

त्याहून गंभीर बाब त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीतली आहे. उत्तर बेटावर लहान शेतकरी वसवायचे तर जमीन हवी होती, आणि ती माओरींकडे होती. लिबरल सरकारने १८९४ मध्ये माओरी जमिनीच्या खासगी खरेदीला बंदी घातली. कागदावर याने माओरींचे सट्टेबाजांपासून रक्षण झाले. प्रत्यक्षात सरकार हा एकमेव गिऱ्हाईक उरला आणि एकमेव गिऱ्हाईक भाव पाडतो. १८९१ ते १९११ या काळात माओरींची सुमारे ३० लाख एकर जमीन सरकारकडे गेली, बहुतेक वेळा एकरी काही शिलिंग भावाने. चेव्हियटच्या विश्वस्तांना एकरी ३ पौंडांहून अधिक, म्हणजे साठ शिलिंगांच्या वर मिळाले होते. दोन्ही जमिनी सारख्या प्रतीच्या नव्हत्या हे धरूनही हा फरक स्पष्ट करता येत नाही. जमीनदाराला आपला आकडा सांगण्याचा अधिकार होता, माओरींना तो नव्हता. स्वस्त कर्जाचा लाभही माओरींच्या सामूहिक मालकीच्या जमिनीला जवळपास मिळाला नाही, म्हणून त्यांना स्वतःची जमीन स्वतः विकसित करणे अवघड झाले. आणि मग ती ‘पडीक’ आहे हे ती घेण्याचे कारण ठरले.

त्या काळचे बहुतेक राजकारणी असाच विचार करीत होते, असा बचाव केला जातो. तो मला पुरेसा वाटत नाही, कारण मॅकेन्झी हे त्या बहुतेकांसारखे नव्हते. जमिनीवरून उठवलेल्या माणसाचे काय होते, हे त्या मंत्रिमंडळात त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसावे. जमीन ‘उपयोगात आणणाऱ्याची’ असली पाहिजे हे त्यांचे तत्त्व कुरणमालकाविरुद्ध वापरले तेव्हा न्याय्य ठरले. पण उपयोग म्हणजे काय हे त्यांनी एकाच प्रकारच्या शेतीवरून ठरवले. नांगरट, कुंपण, गाई आणि लोण्याचे डबे म्हणजे उपयोग. सामूहिक मालकीचे जंगल, मासेमारीचे ओढे आणि पूर्वजांच्या टेकड्या म्हणजे पडीक जमीन. हीच दृष्टी स्कॉटलंडच्या जमीनदारांची ग्लेनकॅल्व्हीबद्दल होती. त्यांच्या हिशेबातही खंड न वाढवणारी माणसे जमिनीचा उपयोग करीत नव्हती.

त्याच मंत्रिमंडळात १८९२ पासून जेम्स कॅरोल हे माओरी वंशाचे सदस्य होते आणि ते जमिनीच्या विक्रीचा वेग कमी व्हावा म्हणून झटत होते. १९०० मध्ये, मॅकेन्झी यांनी पद सोडले त्याच वर्षी, माओरी जमिनीचा कारभार माओरींचा सहभाग असलेल्या मंडळांकडे देणारा कायदा झाला आणि काही वर्षे सरकारी खरेदी मंदावली. नंतर ती पुन्हा वाढली. न्गाई ताहू समूहाने १८४८ च्या व्यवहाराविरुद्धची आपली तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली आणि १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून त्यांची माफी मागितली व १७ कोटी डॉलरची भरपाई दिली. खासगी मालकीची झालेली शेतजमीन मात्र या तोडग्यात परत केली गेली नाही, त्यामुळे मॅकेन्झी यांनी वसवलेल्या कुटुंबांचे वारस आजही आपापल्या जमिनी कसत आहेत.